चाळीस पावलं मागे

माझी बहीण सेरवा टोमॅटो आणि पांढरी वांगी विकते, आणि तिच्याइतकी हट्टी बाई सबंध बोमासोत शोधून सापडायची नाही. आमच्या आईनं वाटणीच तशी केली. तोंड मला दिलं, हट्ट हिला.

तोंडावर माझं पोट चालतं. सोळा वर्षं बाजारात कसाव्याचे कंद विकताना ओरडून ओरडून गळा असा तयार झाला की अबोतरे रेडिओवाले मला घरी येऊन बोलावून घेऊन गेले. दर मंगळवारी सकाळी, म्हणजे बाजाराच्या आदल्या दिवशी, माझा कार्यक्रम असतो. कुठल्या मालाला काय भाव, कुठला पूल खचला, कोणाची शेळी कोणाच्या शेतात शिरली. आणि गेलं दीड वर्ष, रस्ता.

रस्ता म्हणजे उत्तरेकडून कुमासीला जाणारा डांबरी. लाकडाचे, कांद्याचे, सिमेंटचे ट्रक त्यावरून असे सुटतात की जणू मागे भूत लागलंय. आमचा बुधवारचा बाजार याच्या दोन्ही कडांना भरतो. पहिल्या रांगेतल्या टेबलांचे पाय डांबराला टेकलेले. ट्रक गेला की डोक्याचं फडकं सुटतं आणि टोमॅटोवर धूळ बसते. पण पहिल्या रांगेचा माल सगळ्यात आधी खपतो, कारण ट्रोट्रोतले, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसांतले, प्रवासी खिडकीतूनच हात बाहेर काढून घेतात. म्हणून ती जागा कोणी सोडत नाही.

गेल्या वर्षी हरमटान वाऱ्याच्या धुळीत एका लाकडाच्या ट्रकचा ब्रेक लागला नाही, आणि गारी, म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, विकणारी अफ्रा त्याखाली सापडून गेली. फार चांगली बाई होती हो. कोणाचं पोर रडत असलं तर मूठभर गारी हातावर ठेवून मगच आईला विचारणार. तिचं टेबल पहिल्या रांगेत पहिलं होतं. शोक संपला, आणि त्या रिकाम्या जागेवर कोण जाऊन बसावं? दुसऱ्या रांगेतून उठून आमच्या बाईसाहेब.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हणाले.

"जागा चांगली आहे. सावली आहे, गिऱ्हाईक आहे."

"आणि ट्रक?"

"दुसऱ्या रांगेत बसले तर ट्रकला काय आणखी दोन पावलं जड आहेत?" टोमॅटोचे ढीग लावता लावता ती म्हणाली. "सगळा बाजार मागे जाईल तेव्हा मीही जाईन, डुफी. एकटी गेले तर माझे टोमॅटो मलाच खात बसावे लागतील."

तिचं खरं होतं, तेच तर दुखणं होतं. मला दुसरं काही नको होतं. माझी बहीण त्या डांबराच्या कडेवरून उठायला हवी होती. आणि ती एकटी उठणार नव्हती, म्हणजे सगळा बाजारच उठवायचा. बाजार कोणी उठवलाय का कधी?

मी मला येत होतं ते केलं. रेडिओवर अफ्रावर कार्यक्रम केला. तिच्या मुलांना बोलावलं, तिच्या शेजारणींना बोलावलं, मी स्वतः हमसाहमशी रडले. अख्खं गाव रडलं. फोनवर फोन. आणि शेवटी एक गृहस्थ फोनवर आले आणि शांतपणे म्हणाले, "वाईट झालं. पण या बायका रस्त्यावर बसतातच कशाला?" त्यांच्यामागून आणखी सहा जण तेच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पुढच्या आठवड्यात कुमासीहून एक मुलगी आली. फ्रेमा तिचं नाव. रस्त्यांवर माणसं मरू नयेत म्हणून कायदे करून घेणारी एक संस्था आहे, तिथली. वर्तमानपत्रं आणि रेडिओवाल्यांना कसं बोलावं ते शिकवत फिरते. मी म्हटलं, मला बोलायला शिकवणार? ही? हिच्या वयाची माझी भाची आहे. तिनं माझा तो कार्यक्रम सगळा ऐकला, मधे एकदा डोळेही पुसले.

"मामे डुफी, छान रडवलंत," ती म्हणाली. मोठ्या बाईला आमच्याकडे मानानं मामे म्हणतात. "आता सांगा, हे ऐकून कोणी काय करायचं होतं?"

"काय करायचं म्हणजे?"

"म्हणजे सही कोणाची पाहिजे होती? कशावर?"

"सही? रडण्यावर सही कसली?" मी म्हणाले.

"रडलं की माणसाला वाटतं आपलं काम झालं," ती म्हणाली. "नाक पुसतो आणि भांडी घासायला जातो. तुम्ही त्याला दुसरं काही सांगितलंच नाही. मग तो स्वतःच कारण शोधतो, आणि कारण म्हणून त्याला बायकाच दिसतात, कारण तुम्ही बायकाच दाखवल्या. रस्ता कुठे दाखवलात?"

मला राग आला. खूप आला. तिला मी नीट जेवूही घातलं नाही त्या दिवशी, नुसतं उकडलेलं केळं पुढे ठेवलं. पण राग आला की समजावं, खरं बोलणारं माणूस भेटलंय. दुसऱ्या दिवशी तिला फुफू आणि शेळीचं सूप केलं, आणि म्हटलं, "सांग बाई, काय करू?"

"जो करू शकतो तो शोधा. तो कोणाचं ऐकतो ते शोधा. आणि दर वेळी तीच एक गोष्ट मागा, कंटाळा येईपर्यंत. तुम्हाला कंटाळा आला की समजा, लोकांनी आत्ता कुठे ऐकायला सुरुवात केलीय."

मग मी तेच केलं. रडणं बंद. दर बुधवारी सेरवाच्या टेबलावर रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवून नुसता ट्रकचा आवाज घ्यायचा आणि मंगळवारी कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावायचा. मग म्हणायचं: जिल्हा सभेनं बाजारापाशी वेग तीस करावा, तीन गतिरोधक घालावेत, आणि बाजाराला चाळीस पावलं मागे जागा द्यावी. बस, एवढंच. पुन्हा तेच. सेरवा म्हणाली, "डुफी, तुझी कॅसेट अडकलीय." मी म्हटलं, "अडकू दे."

एका मंगळवारी तेच गृहस्थ पुन्हा फोनवर. बायका रस्त्यावर बसतातच कशाला. मी म्हणाले, "दादा, माझी आजी त्याच जागी सुकी मासळी विकायची, तेव्हा तिथे पायवाट होती. डांबर नंतर आलं. बायका रस्त्यावर जाऊन बसल्या नाहीत. रस्ता बायकांच्या मांडीवर येऊन बसला."

ते काही मी ठरवून बोलले नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण पंधरा दिवसांत एका ट्रोट्रोच्या मागच्या काचेवर ते रंगवलेलं दिसलं, मोठ्या पिवळ्या अक्षरांत: रस्ता मांडीवर बसला. आमच्याकडे ट्रोट्रोच्या मागे आलं की ती गोष्ट देवळात, दारूच्या टपरीत आणि न्हाव्याकडे एकाच दिवशी पोहोचते. एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा. सभेचे सदस्य आपापल्या गाड्यांतून जाताना पुढे तेच वाक्य वाचत जिल्ह्याच्या गावी पोहोचायचे. तीन महिन्यांनी त्यांनी मान्य केलं. वेग तीस, गतिरोधक तीन. पण खाली एक ओळ: बाजार मागे सरकल्यानंतर.

आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. मागे म्हणजे लॉरी अड्ड्यामागची मोकळी जमीन, आणि ती राजगादीची. नाना म्हणजे आमचे राजे, त्यांनी दिली तरच. नानांच्या घरात त्याच जमिनीसाठी एका पेट्रोलपंपवाल्यानं आणून ठेवलेल्या श्नॅप्सच्या, म्हणजे कडक दारूच्या, सहा बाटल्या होत्या. जमीन मागायला बाटल्या न्यायच्या ही रीतच आहे, त्यात त्या माणसाची काही चूक नव्हती. राजानं बाटली उघडली की जमीन दिली. या बाटल्या चार महिने तशाच होत्या. नाना उघडतही नव्हते आणि परतही करत नव्हते.

मी ओच्यामे तवियांकडे गेले. ओच्यामे म्हणजे नानांचं तोंड. नाना चारचौघांत कोणाशी थेट बोलत नाहीत आणि नानांशी कोणी थेट बोलत नाही. जे काही ते ओच्यामेला सांगायचं, तो गोड करून नानांना सांगणार, आणि नाना पुटपुटतील ते गोड करून आपल्याला. तविया म्हातारे, वाळलेल्या मिरचीसारखे, आणि तितकेच तिखट.

"नानांना रेडिओवरून मागितलेलं आवडत नाही," ते म्हणाले. "मागायचं तर घरी येऊन माग."

"मग घरी येऊन रेडिओवरून मागते."

ते हसले, दात नसलेलं. "अक्वासिदाएच्या रविवारी ये. सणाचा दरबार असतो, नाना सगळ्यांसमोर बसतात. पण एक सांभाळ मामे डुफी, तोंड. जे बोलायचं ते मला."

"मला काय शिकवता ओच्यामे? मी काय कालची आलेय इथे?"

त्या रविवारी मी राजवाड्याच्या अंगणात चपला काढून, डोक्याच्या फडक्यावर हेडफोन चढवून उभी. मोठ्या छत्रीखाली नाना, दोन्हीकडे वडीलधारे, ढोलवाले, आणि मागे बाजारच्या शंभरेक बायका, सेरवा सगळ्यात पुढे. ओच्यामे त्यांची सोनेरी मुठीची काठी घेऊन मधे. माइक त्यांच्यापुढे धरला. सगळा जिल्हा ऐकत होता. मक्याची केनकी विकणाऱ्यांनीसुद्धा त्या सकाळी रेडिओ मोठा लावला होता म्हणे.

मी मागितलं. ओच्यामेनी ते असं सजवून सांगितलं की मलाच माझा अभिमान वाटला. नाना काही पुटपुटले.

"नाना म्हणतात," ओच्यामे म्हणाले, "घाईनं तोडलेलं केळं भाजलं तरी कच्चंच लागतं."

मी पुन्हा मागितलं. अफ्राचं सांगितलं, सभेची ओळ सांगितली. नाना पुटपुटले.

"नाना म्हणतात, सुरणाचा सण होऊ दे, मग बसून बोलू."

सुरणाचा सण पाच महिन्यांवर. मी तिसऱ्यांदा मागितलं. माझ्या आवाजाला आता धार आली होती, मला कळत होतं. मागून सेरवा हळूच म्हणाली, "डुफी, दमानं." नाना पुटपुटले, आणि ओच्यामे जरा थांबून म्हणाले, "नाना म्हणतात, बाजार इतकी वर्षं तिथे आहे. आणखी वर्षभर राहिला तर काय बिघडलं?"

आणि मी वळले. ओच्यामेकडे नाही. सरळ छत्रीखाली बघितलं आणि म्हणाले, "नाना, तुमची बहीण बसत असती तिथे, तर तुम्ही वर्षभर थांबला असता का?"

ढोल थांबला. एक वडीलधारा खोकत होता, त्याचा खोकलासुद्धा थांबला. हेडफोनमधून स्टुडिओतल्या पोरीचा आवाज आला, "मामे, हे गेलं हं बाहेर."

गेलंच होतं. नानांना थेट, भर सभेत, तोंडावर प्रश्न, आणि तोही अख्ख्या जिल्ह्याच्या कानात. पाच वर्षांच्या पोरालाही कळतं हे करायचं नसतं. मी गुडघ्यांवर आले. चुकलं की तसंच यायचं असतं. डोक्यात एकच: दीड वर्षाची मेहनत पाण्यात घातली मी. माझी बहीण आता मरेपर्यंत त्या डांबरावर बसणार, आणि ते माझ्या जिभेनं केलं.

सेरवानं कपाळावर हात मारला. "आईनं तोंड तुला दिलं हीच तिची चूक," ती म्हणाली, आणि तीही माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं बसायला. मग एकेक करून सगळ्या बायका बसल्या.

ओच्यामेनी काठी जमिनीवर आपटली. "या बाईनं नानांवर थेट तोंड टाकलं. दंड काय?"

"मेंढा!" वडीलधारे एका आवाजात म्हणाले. "आणि श्नॅप्स!"

"आणि तो रेडिओ बंद करा," त्यातले एक ओरडले.

"रेडिओ बंद नाही करायचा," ओच्यामे म्हणाले. "अपमान सगळ्या जिल्ह्यानं ऐकला. दंडही सगळ्या जिल्ह्यानं ऐकायला नको? नाहीतर उद्या लोक म्हणतील, बोमासोत नानांना काहीही बोला, फुकट आहे."

हे सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं, माझी मान खाली होती.

"आता मेंढा कुठे कापायचा?" ओच्यामेनी विचारलं.

"कुठे म्हणजे? इथे, राजवाड्यात."

"इथे?" म्हातारा असा चकित झाला, जणू कोणी त्याला मेंढा आकाशात कापायला सांगितलंय. "वाडवडिलांचा नियम काय? भांडण जिथलं, रक्त तिथलं. ही बाई राजवाड्यासाठी भांडली का? ती भांडली लॉरी अड्ड्यामागच्या जमिनीसाठी. त्या जमिनीवरून नानांचा अपमान झाला, म्हणजे ती जमीन रुसली. मेंढा इथे कापला, तर रुसलेल्या जमिनीची समजूत कोण काढणार? मी तर जाणार नाही बाबा रात्री तिथून."

वडीलधारे एकमेकांकडे बघू लागले. नियम तर नियमच होता. एकानं मान हलवली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी.

ओच्यामे नानांकडे वाकले. नानांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मी खालून बघत होते, म्हणून मला दिसलं: नानांच्या ओठाचा कोपरा एवढासा हलला. मग ते पुटपुटले.

"नाना म्हणतात," ओच्यामे माइकमध्ये म्हणाले, "तसंच होऊ दे. मंगळवारी सकाळी. आणि हिनंच ते रेडिओवर सांगायचं, म्हणजे हिची लाज सगळ्यांना दिसेल."

मला काही कळलं नाही. मी घरी जाताना डोळे पुसत होते. सेरवा मात्र बोटांवर काहीतरी मोजत चालली होती. शेवटी म्हणाली, "डुफी, तू सगळ्या जगाला शहाणपण शिकवतेस, आणि तुला एवढं कळत नाही?"

"काय कळत नाही?"

"राजगादीच्या जमिनीवर ओच्यामे नानांच्या नावानं रक्त सांडणार आणि दारू ओतणार. ओतताना वाडवडिलांना काहीतरी सांगणारच की. आणि जे सांगितलं, त्यासाठी ती जमीन दिली. झालं! मग नानांनाही परत घेता येत नाही."

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. सेरवानं दंडाला धरून बाजूला ओढलं. "आता ट्रकखाली जाऊ नकोस, मेंढा फुकट जाईल."

मंगळवारी मेंढा न्यायचा म्हणून बायकांत भांडण, कोण ओढणार. शेवटी दोर सेरवाच्या हातात आला. मेंढ्यानं चारही पाय रोवले. तिनंही रोवले. बराच वेळ तो तिच्याकडे बघतोय आणि ती त्याच्याकडे. मी माइकमध्ये सांगितलं, "मंडळी, दोन हट्टी समोरासमोर आहेत, थोडा उशीर होईल." शेवटी मेंढाच हरला. मला आधीच माहीत होतं.

पेट्रोलपंपवाला भरजरी कापड पांघरून आला होता. त्याचेही कोणीतरी कान फुंकले असणार. "ओच्यामे, आणि माझ्या बाटल्या?"

"आहेत तशा आहेत, बूचसुद्धा हललं नाही," ओच्यामे फार आदरानं म्हणाले. "तुमच्याच गाडीत ठेवल्यात, मागच्या सीटवर. फुटू नयेत म्हणून खाली गादी घातली."

मेंढा कापला. मग ओच्यामेनी माझ्या दंडाची बाटली उघडली आणि थेंब थेंब जमिनीवर ओतू लागले. आमच्याकडे ओतताना ओच्यामे एक वाक्य म्हणतात आणि जमलेले सगळे 'वियो' म्हणतात, म्हणजे खरं, तसंच. लहानपणापासूनची सवय, श्वास घ्यावा तसं तोंडातून येतं.

"धरणीमाते आसासे, घे, पी."

"वियो!"

"या मुलीची जीभ सैल सुटली, तिला पदरात घे."

"वियो!" या वेळी जरा जास्तच जोरात. सेरवाचा आवाज सगळ्यात मोठा.

"बाजाराच्या आया आजपासून इथे तुझ्या मांडीवर बसतील. त्यांना सावली दे."

"वियो!"

"त्यांच्या पोरांना त्यांची आई संध्याकाळी घरी आलेली दिसू दे."

"वियो!" मी ऐकलं, पेट्रोलपंपवालाही म्हणाला. सवय हो! म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं काय म्हणाला ते. क्षणभर चेहरा पडला. मग तो हसायला लागला, खरंच हसायला लागला, आणि ओच्यामेच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "म्हाताऱ्या, तू मला माझ्याच तोंडानं गुंडाळलंस." त्याला पुढे दुसऱ्या टोकाला जागा मिळाली, चांगली मोठी. त्याच्याबद्दल माझं काही वाकडं नाही.

नंतर मी ओच्यामेना एकटं गाठलं. "हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"मी काय केलं? मी नानांचं तोंड. तोंड कधी मुद्दाम काही करतं का?" माझ्याकडे तिरकं बघून म्हणाले, "तुझं करतं?"

"ओच्यामे!"

मग ते जरा गंभीर झाले. "नानांना त्या माणसाला नाही म्हणता येत नव्हतं. बाटल्या आणणाऱ्याला तोंडावर नाही म्हणणं शोभत नाही. आणि त्याच्या बाटल्या घरात असताना तुम्हाला हो म्हणता येत नव्हतं. कोणीतरी काहीतरी चुकायला हवं होतं, म्हणजे सगळ्यांची सुटका होते. तीनदा तुला टोचलं, तेव्हा कुठे चुकलीस. मला वाटलं होतं पहिल्यालाच चुकशील. रेडिओनं सुधारलंय तुला."

हे मी फ्रेमाला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं मला मेंढ्याचा भाग दोनदा सांगायला लावला. "मामे, हे आमच्या पुस्तकात नाहीये," ती शेवटी म्हणाली.

"मग लिहून ठेव. पण मेंढ्याचं नीट लिही, त्यात चूक करू नकोस."

सभेला आता सबब उरली नाही. महिन्याभरात गतिरोधक आले, पांढरे पट्टे आले, तीसची पाटी आली. पहिल्या दिवशी एका सिमेंटच्या ट्रकवाल्यानं ती पाटी बघितलीच नाही. पहिल्या गतिरोधकावर त्याचं डोकं छताला आपटलं, आणि तेव्हापासून तो अगदी सज्जन झालाय, हात करून जातो. जुन्या जागेवर कोणी बसू नये म्हणून बायकांनी स्वतःच काटेरी झुडपं लावली.

नव्या जागेतला पहिला बुधवार. चाळीस पावलं मागे, कडुनिंबाच्या सावलीत, चार रांगा. सभेचे अध्यक्ष भाषणाला येणार होते. मी माइक घेऊन रांगांतून फिरत होते. कोणी कोकोयाम विकतंय, कोणी नवी जागा कशी वाकडी पडली म्हणून शेजारणीशी भांडतंय. भांडण ऐकून मला बरं वाटलं, म्हणजे सगळं ठीक आहे. सेरवाची मुलाखत मी शेवटी ठेवली होती. तिनं बजावलं होतं, "मी सगळं बोलणार, अफ्राचं पण बोलणार, मला मधे तोडायचं नाही."

गेले तर बाई टेबलावर हात, हातावर डोकं. टोमॅटोंच्या ढिगांच्या मधे. मी धावतच टेबलापाशी पोचले. मग पाठ वरखाली होताना दिसली. झोपली होती. भर बाजारात, सकाळचे दहा, आजूबाजूला एवढा कालवा, आणि ही गाढ.

शेजारची म्हणाली, "उठवू का?"

"हात तर लावून बघ," मी म्हणाले.

डांबराच्या कडेला बसणारी बाई डुलकी घेत नाही. मीही सोळा वर्षं कधी घेतली नाही. गिऱ्हाईकाशी भाव करताना, पोराला पाजताना, सुटे मोजताना, एक कान टायरकडे. ब्रेक करकचला की आधी उडी, मग बघायचं कोण ते. सेरवा तिथे बावीस वर्षं बसली. बावीस वर्षं तो एक कान जागा होता, आणि आज कोणी न सांगता तो झोपला. मला वाटलं होतं आज मी आनंदानं ओरडेन. मला रडू फुटलं, आणि ते चांगलं रडू होतं.

हेडफोनमधून स्टुडिओतली पोरगी, "मामे, सेरवा काय म्हणतेय?"

"काही म्हणत नाहीये. घोरतेय."

"मग आपण काय ऐकवायचं?"

"हेच," मी म्हणाले, आणि माइक सेरवाच्या तोंडाजवळ धरला. घुर्रर्र, घुर्रर्र, सगळ्या जिल्ह्यात. मला माहीत होतं, उठल्यावर ती मला फाडून खाणार.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक टेबलापाशी आलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "टोमॅटो कसे दिले?" मी ओठांवर बोट ठेवलं, आणि भाव बोटांनीच दाखवला.